पुस्तक हाती देणारा

कृष्णराव अर्जुन केळूसकर (१८६०–१९३४) हे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात चरित्रकार म्हणून येते. तुकोबांचे चरित्र १८९६चे, गौतम बुद्धाचे १८९८चे, आणि पुढच्या दशकात आलेले शिवछत्रपतींचे विस्तृत चरित्र, ज्याच्या आधारे ताकाखावांनी १९२१मध्ये इंग्रजी शिवचरित्र सिद्ध केले. एवढी नोंद झाली की इतिहासकार पुढच्या नावाकडे वळतो. केळूसकरांच्या हातून घडलेली सर्वांत मोठी वाङ्मयीन घटना या नोंदीत येत नाही, कारण ती लेखनाची घटना नाही. त्यांनी एका शाळकरी मुलाला एक पुस्तक दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

हकीकत सर्वांच्या परिचयाची आहे. दर १४ एप्रिलला ती कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून सांगितली जाते. चरित्रकारांनी तिच्याकडे बाबासाहेबांच्या जीवनातील एक प्रसंग म्हणून पाहिले, आणि ते योग्यच आहे. मला या लेखात तिच्याकडे वाचनव्यवहारातील एक प्रसंग म्हणून पाहायचे आहे. आपल्याला आवडलेले पुस्तक दुसऱ्यापुढे ठेवून 'हे वाच' म्हणणे ही साहित्यव्यवहारातील फार जुनी आणि बिनखर्चाची कृती. पण तिचा विचार करावा असे आपल्या समीक्षेला फारसे वाटलेले नाही. लेखकांवर ग्रंथ आहेत, प्रकाशकांवर आहेत, संपादकांवर गौरवग्रंथांचे ढीग आहेत. पुस्तक हाती देणारा मात्र ऋणनिर्देशातल्या एखाद्या ओळीत सापडला तर सापडतो.

या कृतीला मराठीत धड नावही नाही. 'शिफारस' हा शब्द आपण वापरतो, पण त्याला कचेरीचा वास आहे. शिफारसपत्र म्हटले की नोकरी आठवते, बदली आठवते, वशिला आठवतो. तरीही तो शब्द मी टाकणार नाही, कारण त्या कचेरीच्या वासातच एक उपयोगाची गोष्ट दडलेली आहे. शिफारसपत्र देणारा माणूस आपली पत गहाण ठेवतो. ज्याची शिफारस केली तो नालायक निघाला तर बोल शिफारस करणाऱ्याला लागतो. परीक्षण लिहिणाऱ्याला हा धोका नसतो. परीक्षणकर्ता पुस्तकाला इतर पुस्तकांच्या रांगेत उभे करून त्याची उंची मोजतो. समोर कोण वाचक आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते, आणि नसावेही. शिफारस करणाऱ्यापुढे रांग नसते. एक माणूस असतो, आणि त्या माणसाला या घटकेला काय द्यावे हा प्रश्न असतो.

आता केळूसकरांच्या प्रसंगाकडे नीट पाहू. त्याच्या दोन वेगवेगळ्या हकीकती आपल्यापुढे आहेत आणि त्यांचा मेळ बसत नाही. धनंजय कीरांच्या चरित्राप्रमाणे १९०७मध्ये भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला, त्याच्या अभिनंदनासाठी सभा भरली, अध्यक्षस्थानी सी. के. बोले होते, आणि त्या सभेत केळूसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. खुद्द बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला आहे तो १९५६मध्ये, 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात. हे प्रास्ताविक १९५७च्या पहिल्या आवृत्तीत छापले गेले नाही. पुढे १९८०मध्ये भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मिळ प्रस्तावना एकत्र छापल्या, तेव्हा ते लोकांपुढे आले. त्यात परीक्षा मॅट्रिकची नाही, इंग्रजी चौथीची आहे. वडिलांचा सभेला विरोध होता, मुलाच्या डोक्यात हवा जाईल असे त्यांना वाटत होते. लोकांनी वडिलांचे स्नेही दादा केळूसकर यांना मध्ये घातले तेव्हा ते तयार झाले. आणि या कथनात अध्यक्षही केळूसकरच आहेत.

कोणती हकीकत खरी, याचा निकाल मी येथे लावणार नाही. पन्नास वर्षांनी आठवून लिहिणाऱ्याच्या स्मरणात इयत्ता मागेपुढे होऊ शकते. चरित्रकाराने ऐकीव माहितीवर भिस्त ठेवली असेल असेही होऊ शकते. पण कोणतीही तारीख धरली तरी एक गोष्ट बदलत नाही, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. केळूसकरांपाशी देण्यासारखे स्वतःचेच दुसरे पुस्तकही होते. मुलाचे घर कबीरपंथी. वडील रामजी सकपाळ पहाटे उठवून मुलांकडून भजने, अभंग म्हणून घेणारे. अशा घरातल्या मुलाला तुकोबांचे चरित्र देणे किती साहजिक होते! ते १८९६पासून छापलेले होते. मॅट्रिकची तारीख खरी मानली तर त्या सुमारास केळूसकरांचे शिवचरित्रही ताजे होते, आणि लेखकाला आपले ताजे पुस्तक वाटण्याची हौस किती असते हे दिवाळी अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्यांनी दिले ते बुद्धचरित्र. घरात जे नव्हते ते.

केळूसकरांनी हा विचार मनाशी मांडून केला होता का, ते कळायला मार्ग नाही. एवढे खरे की त्यांना मुलगा ठाऊक होता. विल्सन हायस्कुलातले हे शिक्षक संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच एका बाजूला पुस्तकात डोके घालून बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी चौकशी केली, मग त्याला पुस्तके द्यायला सुरुवात केली. म्हणजे सभेतली भेट ही पहिली भेट नव्हे. आधी बरीच पुस्तके हातातून हातात गेलेली होती, आणि हा कोणते पुस्तक कसे वाचतो याचा अंदाज देणाऱ्याला आलेला होता. पुढे इंटरनंतर शिक्षण थांबायची वेळ आली तेव्हा हेच केळूसकर मुलाला घेऊन सयाजीराव गायकवाडांकडे गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुस्तक देणारा पुस्तक देऊन मोकळा झाला नाही, असा याचा अर्थ.

या गोष्टीत आणखी एक शिफारस आहे आणि ती फसलेली आहे. समीक्षकाला यशापेक्षा अपयशातून जास्त शिकता येते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो.

ती शिफारस रामजी सकपाळांची. रामायण आणि महाभारत मुलांनी वाचलेच पाहिजे असा त्यांचा कटाक्ष होता. केळूसकरांचे पुस्तक वाचून झाल्यावर भीमरावाने वडिलांना विचारले, तुम्ही आम्हाला बौद्ध वाङ्मय का दाखवले नाही? क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची, अस्पृश्यांची हीनता पुनःपुन्हा सांगणारे हे ग्रंथच का? वडिलांचे उत्तर बाबासाहेबांनी नोंदवले आहे. आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड यायचा धोका आहे, तो जाण्यासाठी हे ग्रंथ वाचायचे. द्रोण आणि कर्ण पाहा, लहान माणसे कुठल्या कुठे चढली. वाल्मीकी कोळी होता, तो रामायणाचा कर्ता झाला. उत्तरात तथ्य आहे हे मुलाला दिसत होते, पण त्याचे समाधान झाले नाही. महाभारतातली कोणतीही व्यक्तिरेखा आपल्याला आवडत नाही, असे त्याने वडिलांना सांगून टाकले.

वडिलांच्या शिफारसीत काय उणे होते? वाचक त्यांच्या पोटचा होता. हेतू स्पष्ट होता, आणि तो कोणाही टीकाकाराला सुचला नसता इतका नेमका होता. पदरमोड तर विचारूच नका. मुलाने मागितलेले पुस्तक आणण्यासाठी हा माणूस लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणी आणि गहाण ठेवी. माझ्या मते उणे इतकेच की या शिफारसीत उत्तर आधीच ठरलेले होते. पुस्तकातून काय घ्यायचे ते वडिलांनी पुस्तकाआधीच सांगून ठेवले होते. मुलाने द्रोण-कर्ण वाचले, पण वडिलांना दिसलेले त्यांच्यात त्याला दिसले नाही. केळूसकरांनी मात्र पुस्तकाबरोबर ते कसे वाचायचे हेही सांगितल्याचे दोन्ही हकीकतींत कुठे येत नाही.

तरीही रामजींची शिफारस वाया गेली असे मी म्हणणार नाही. त्याच प्रास्ताविकात बाबासाहेबांनी म्हटले आहे की त्या वयात आपण बुद्धाकडे गेलो ते रिकाम्या मनाने नव्हे. पाठीशी आधीचे वाचन होते, त्यामुळे तुलना करता आली, फरक पाहता आला. हे आधीचे वाचन कुठून आले? वडिलांकडून. नाकारलेले पुस्तक असे दुसऱ्या पुस्तकाच्या कामी येते. घरोघरी कुणीतरी कुणावर लादलेली, कुरकुरत वाचलेली पुस्तके आठवून पाहा. आपली आवड पुष्कळदा त्यांच्याशी भांडूनच तयार झालेली असते.

या साखळीचा पुढचा दुवा १९४८चा आहे आणि तो मराठी वाचकांत तितकासा माहीत नाही. तोवर बाबासाहेबांना ठिकठिकाणचे लोक विचारू लागले होते की बौद्ध धर्मावर एखादे चांगले पुस्तक सांगा. म्हणजे आता शिफारस करण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्यांनी नाव घेतले ते पी. लक्ष्मी नरसू यांच्या 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम'चे. मद्रासचे नरसू भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, जातिभेदाविरुद्ध उभे राहिलेले समाजसुधारक. ग्रंथ पहिल्यांदा निघाला १९०७मध्ये. (कीरांची तारीख खरी असेल तर मॅट्रिकचे वर्ष आणि या ग्रंथाचे वर्ष एकच. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही; पण असे योगायोग टिपून ठेवायची माझ्यासारख्याला खोड असते.) अडचण अशी की ग्रंथ बाजारात मिळत नव्हता. न मिळणाऱ्या पुस्तकाची शिफारस करणे हा आपल्याकडच्या विद्वानांचा आवडता छंद आहे. त्यात आपले वाचन दिसते आणि वाचकाची वाट बंद राहते. बाबासाहेबांनी तो ग्रंथ पुन्हा छापवून घेतला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. लोक आपल्याला काय विचारतात, आपण हेच पुस्तक का सुचवतो आणि त्याचा कर्ता कोण, हे सांगणारी ती छोटी प्रस्तावना आहे. मराठीत प्रस्तावनांचा सुकाळ आहे. 'चार शब्द' म्हणून चाळीस पाने लिहिणारे आहेत, आणि लेखकाच्या आग्रहाखातर, पुस्तक न वाचता लिहिलेल्या प्रस्तावनाही ओळखू येतात. ज्यांना शिफारस म्हणजे काय ते पाहायचे आहे त्यांनी नरसूंच्या ग्रंथाची ही प्रस्तावना मिळवून वाचावी.

पण तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. १९५०मध्ये 'महाबोधि' मासिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी बौद्ध धर्माच्या प्रसारातली एक अगदी व्यवहारी अडचण मांडली: वाङ्मय अफाट आहे, ते सगळे सामान्य माणसाने वाचावे ही अपेक्षाच चुकीची, आणि हाती देता येईल असा एक ग्रंथ नाही. धम्मपदावर भागत नाही, हेही त्यांनी सांगितले. हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे तसा ग्रंथपालाचाही आहे. समोर वाचक उभा आहे, कपाटे भरलेली आहेत, आणि त्याच्या हाती ठेवावे असे पुस्तक त्या कपाटांत नाही. तेव्हा ते लिहिणे भाग पडले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ बारीक परिच्छेदांना क्रमांक देत, खंड आणि भाग पाडत रचलेला आहे, तो अशा वाचकासाठी ज्याला तो थोडा थोडा वाचायचा आहे, एकमेकांना वाचून दाखवायचा आहे. त्या रचनेवर पंडितांनी आक्षेप घेतले आहेत आणि काही विचार करण्यासारखेही आहेत. पण ग्रंथ कोणाच्या हाती द्यायचा होता हे विसरून घेतलेले आक्षेप मला अपुरे वाटतात.

एवढे सगळे पाहिल्यावर आपल्या वाङ्मयीन लेखनात शिफारसीचे काय झाले, हे पाहायला हवे.

शंकर गणेश दाते यांनी १८००पासून १९५०पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत केली. दात्यांच्या सूचीत सगळी पुस्तके आहेत आणि शिफारस एकाही पुस्तकाची नाही; तीच तिची थोरवी. माझ्यासारख्या, कुठल्याही विद्यापीठाचा ओळखपत्रधारक नसलेल्या संशोधकाला दात्यांनी जे दिले ते कोणी दिले नाही. सूची मत देत नाही, त्यामुळे ती कुणाला वगळतही नाही. दुसऱ्या टोकाला विष्णुशास्त्री चिपळूणकर. 'निबंधमाले'त त्यांनी लोकहितवादींवर आणि जोतीराव फुल्यांवर टीकेची झोड उठवली. पण हल्ला हीसुद्धा एक उलटी शिफारस असते. शास्त्रीबोवा इतके चिडले आहेत तर त्यात काहीतरी असले पाहिजे, असे वाटून मूळ पुस्तकांकडे वळलेले वाचक कोणत्याही पिढीत निघतात. मी त्यांतलाच एक.

पुस्तकांविषयी लिहिण्याचे मराठीतले विसाव्या शतकातले मोठे उदाहरण गोविंद तळवलकरांच्या 'वाचता वाचता'चे. तळवलकर 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक, आणि इंग्रजी ग्रंथांचा त्यांचा व्यासंग दांडगा. इतिहास, राजकारण, चरित्रे यांतले नवे काय निघाले हे तालुक्याच्या गावी बसलेल्या वाचकाला त्यांच्यामुळे कळले, हे ऋण मोठे आहे. पण हे लेख पुन्हा वाचताना एक जाणवते. तळवलकर ग्रंथ इतका व्यवस्थित, इतका सारासकट सांगतात की वाचक तृप्त होऊन उठतो आणि ग्रंथाकडे जात नाही. त्या काळी ते ठीकच होते. ते ग्रंथ मिळणार कुठे, आणि मिळाले तर परवडणार कोणाला? त्यांचा लेख हाच ग्रंथाचा बदली कामगार होता. पण त्याला शिफारस म्हणता येत नाही. तो ग्रंथाचा गोषवारा आहे, अत्यंत उत्तम प्रतीचा.

सतीश काळसेकरांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी'ची जात वेगळी. २०१० साली लोकवाङ्मय गृहाने ती पुस्तकरूपाने काढली आणि २०१३चा साहित्य अकादेमी पुरस्कार तिला मिळाला. काळसेकर पुस्तक संपूर्ण सांगत नाहीत. ते कुठे मिळाले, कोणामुळे कळले, त्याच्या शेजारी आपण दुसरे काय वाचत होतो, हे सांगतात. मध्येच एखाद्या मित्राची हकीकत येते, एखाद्या अनियतकालिकाची येते, पुस्तकांच्या दुकानाची येते. शिस्तीच्या समीक्षकाला हे विस्कळीत वाटेल, आणि काही नोंदी खरोखरच घाईच्या आहेत. पण पुस्तक मिटल्यावर हाताशी पाच-सात नावे लिहिलेला कागद उरतो. कवी असलेल्या या माणसाने वाचनाला समूहाची गोष्ट मानले. पुस्तक कोणी दिले त्याचे नाव घेणे, हा त्यांच्या लेखनाचा संस्कार आहे, आणि मला तो पुष्कळ विद्वत्तेपेक्षा मोलाचा वाटतो.

पत्रांतली शिफारस आणखी वेगळी असते. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे, जी. एं.च्या पत्रांचा पहिला खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा, आणि सुनीताबाईंची बाजू 'प्रिय जी. ए.'मध्ये. दोघेही एकमेकांशी पुस्तकांबद्दल बोलत राहतात. छापील परीक्षणात जी भीडभाड असते ती इथे नाही, कारण ऐकणारा एकच आहे आणि तो कोण ते माहीत आहे. आणि धारवाडला राहणाऱ्या या अबोल माणसाने कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या 'रान', 'शिवार', 'गाव' अशा मराठीत आणल्या, याकडे मी शिफारसीचा सर्वांत कष्टाचा प्रकार म्हणून पाहतो. ज्याला पुस्तक द्यायचे त्याला त्या पुस्तकाची भाषा येत नाही, तेव्हा भाषांतर करणे ओघाने आलेच.

या सगळ्या नामवंतांपेक्षा जास्त शिफारसी ज्यांनी केल्या त्यांची नावे कुठेच छापलेली नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांतली वाचनालये गावोगाव चालतात, कित्येक ठिकाणी एका खोलीत, आणि टेबलामागे तुटपुंज्या मानधनावर एक ग्रंथपाल बसलेला असतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतले दोन. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपालांनी रंगनाथन वाचले होते की नाही, मला माहीत नाही. मी बारावीनंतर कॉलेजात गेलो नाही. माझा अभ्यासक्रम त्या टेबलावर ठरला. पुस्तक परत केले की ते विचारायचे, "कुठवर वाचलंस?" 'सगळं वाचलं' म्हटले तर मधल्याच एखाद्या प्रकरणातले काहीतरी विचारायचे. एकदा मी राजवाड्यांचे एक जाडजूड बाड मागितले, तर ते म्हणाले, "हे तुला आत्ता नको. सहा महिन्यांनी ये." त्याऐवजी त्यांनी दिले ते बारीकसे पुस्तक होते आणि मला ते तेव्हा अपमानास्पद वाटले होते. सहा महिन्यांनी बाड मिळाले. नकार हाही शिफारसीचा भाग असतो, हे मला कुठल्या ग्रंथात सापडले नसते.

त्या वाचनालयातल्या पुस्तकांच्या समासांत शिफारशी असत. 'अवश्य वाचावे', 'भिकार', 'लेखकाला कोकण माहीत नाही', 'पान ११२ पासून बरी आहे', आणि रहस्यकथा असेल तर पहिल्याच पानावर खुन्याचे नाव. नियमाप्रमाणे हा गुन्हा आहे. पण जुन्या पुस्तकांवर काम करताना मी या नोंदी उतरवून घेतो, कारण मराठी सामान्य वाचकाने कोणालाही न भिता केलेली समीक्षा एवढीच शिल्लक आहे. तिला संपादक नव्हता आणि लेखकाशी ओळखही नव्हती.

ओळखीचा प्रश्न गंभीर आहे. मराठी लेखकांचे जग लहान आहे. प्रत्येकजण प्रत्येकाच्या प्रकाशनसमारंभाला गेलेला असतो. 'ललित'मधून ठणठणपाळाच्या मुखवट्याआड जयवंत दळवींनी याच जगाची टिंगल केली. उंटाच्या लग्नात गाढवाने गावे आणि गाढवाने उंटाचे रूप वाखाणावे, ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. वर्ष संपताना निघणाऱ्या 'यंदाची दहा पुस्तके', 'वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तके' या याद्यांकडे मी संशयाने पाहतो, पण तो केवळ ओळखीपाळखीमुळे नव्हे. प्रामाणिकपणे केलेल्या यादीतही एक पोकळी असते. ही शंभर पुस्तके वाचायची कोणी? निवृत्त न्यायाधीशांनी, की नववीतल्या मुलीने, की पहिल्यांदाच पगार हाती आलेल्या माणसाने? यादीला समोर कोणी दिसत नाही. म्हणून ती प्रत्येकाला तेच सांगते, आणि त्या यादीत आपली किती पुस्तके वाचून झाली हे मोजण्यापलीकडे वाचक तिच्याशी काही करत नाही.

यादीपेक्षा मोठ्या पल्ल्याचा एक प्रयोग आपल्याकडे झाला, तो 'ग्रंथाली'चा. १९७४मध्ये सुरू झालेल्या या वाचक चळवळीने वाचकांना सभासद केले, पुस्तके स्वस्त दिली आणि ती घेऊन कार्यकर्ते गावोगाव गेले. पुस्तक निघण्याआधीच त्यावर विश्वास टाकायचा, असा तो करार होता. दया पवारांचे 'बलुतं' १९७८मध्ये 'ग्रंथाली'ने काढले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८०मध्ये. शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत, जिथे अशी पुस्तके कोणी आपणहून विकत घेऊन आणली नसती, तिथे ती पोहोचली. ती वाचून त्या घरांत काय झाले, याचा अभ्यास व्हायला हवा. रामजी सकपाळांच्या घरात जसा प्रश्न उभा राहिला तसा 'हे आम्हाला आजवर का दाखवलं नाही?' असा प्रश्न कुठल्या मुलाने बापाला विचारला का?

माझ्या एका प्राध्यापक मित्राचे म्हणणे असे की शिफारसीला समीक्षा म्हणणे म्हणजे आवडीनिवडीला शास्त्राच्या पंक्तीला बसवणे. आवड वैयक्तिक असते, तिला निकष नसतात. मला हे पटत नाही. केळूसकरांनी तुकाराम बाजूला ठेवून बुद्ध निवडला, बाबासाहेबांनी धम्मपद बाजूला ठेवून नरसू निवडले, आमच्या ग्रंथपालांनी राजवाडे सहा महिने रोखून धरले. या तिन्ही ठिकाणी पुस्तकाची पारख आहे आणि माणसाचीही आहे. परीक्षणात पहिलीच लागते. निकष नाहीत म्हणण्यापेक्षा दुप्पट निकष आहेत म्हणणे जास्त खरे होईल, आणि ते पाळले गेले की नाही हे वाचकाच्या पुढच्या वाचनावरून तपासताही येते.

ही पारख आज जिथे रोजच्या व्यवहारात दिसते अशी एक जागा दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला पाहायला मिळते. चैत्यभूमीकडे जाणाऱ्यांची रांग शिवाजी पार्कच्या कडेने सरकत असते आणि मैदानात पुस्तकांच्या स्टॉलची दाटी असते. तसेच दृश्य नागपूरला दीक्षाभूमीवर. जत्रेतून लोक खेळणी, बांगड्या घेऊन परततात. इथून पुस्तकांच्या पिशव्या घेऊन परततात. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' जवळजवळ प्रत्येक स्टॉलवर असते, आणि केळूसकरांचे बुद्धचरित्रही आता नव्याने छापलेले मिळते. गेल्या काही वर्षांत मी तिथे मुद्दाम विक्रेत्यांच्या मागे उभा राहून ऐकत आलो आहे. मराठवाड्यातून आलेली एक बाई मुलासाठी पुस्तक मागत होती. विक्रेत्याने पुस्तक काढले नाही. आधी विचारले, "कितवीला आहे, ताई? आणि घरी काय काय आहे?" तिने दोन नावे सांगितली. तो म्हणाला, "मग हे नको. थांबा." आणि खाली वाकून खोक्यात शोधू लागला.